जुन्या इंग्रजी खूनकथा आज वाचताना : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव इथल्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात जातो तिथे क्रमांक दिला आहे. कोणत्याही उत्तरात कोणत्याही पुस्तकाचा खुनी सांगितलेला नाही, त्यामुळे पान कुठूनही वाचलं तरी चालेल.

१. ‘जुन्या खूनकथा’ म्हणजे नेमक्या कुठल्या काळातल्या?

साधारण १८९० ते १९३९. त्यात दोन टप्पे पडतात. पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत लघुकथेचा जोर होता: होम्स, फादर ब्राउन, डॉ. थॉर्नडाइक या हेरांच्या कथा. १९२० ते १९३९ हा कादंबरीचा काळ. बंद घर, मोजकी माणसं, एक प्रेत, आणि वाचकासमोर सगळे पुरावे मांडून ठेवलेले. या दुसऱ्या टप्प्याला इंग्रजीत सुवर्णयुग म्हणतात. खालचे बहुतेक प्रश्न त्याच टप्प्याचे आहेत, कारण अडखळायला होतं ते तिथेच.

२. सुरुवात कुठून करू? प्रत्येक जण वेगळं नाव सांगतो.

लघुकथेपासून करा. कथा एका बैठकीत संपते, त्यामुळे सुरुवातीचा पुरावा शेवट येईपर्यंत डोक्यात राहतो. हा क्रम बहुतेकांना मानवतो:

१८९२ चा होम्सचा पहिला कथासंग्रह, त्यात १२ कथा आहेत. मग १९११ चा फादर ब्राउनचा पहिला संग्रह, त्यातही १२. त्यानंतर ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ (१९०२) ही १५ प्रकरणांची कादंबरी. इथवर आलात की अगाथा ख्रिस्तीचं पहिलं पुस्तक ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’ (१९२०) घ्या, प्रकरणं १३.

‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ (१९२६) मात्र पहिलं म्हणून घेऊ नका, आणि फार लांबणीवरही टाकू नका. या प्रकारची चार-पाच पुस्तकं वाचून झाल्यावर ते सगळ्यात जास्त भिडतं. उशीर केलात तर कुणीतरी शेवट सांगून टाकेल (प्रश्न १६ पाहा).

३. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी झेपेल का?

ख्रिस्तीचं झेपेल. वाक्यं आखूड, निम्मं पुस्तक संवादांचं. होम्स थोडा जड आहे. फादर ब्राउन लिहिणाऱ्या चेस्टरटनला वर्णनाचा सोस आहे, आणि डोरोथी सेयर्स मध्येच लॅटिन-फ्रेंच पेरते. ते अवतरण कळलं नाही म्हणून रहस्य हातचं जात नाही, बिनधास्त पुढे जा.

प्रत्येक शब्दाला कोश उघडू नका. कोश उघडायचा तो वस्तू, खोली, नोकराचा हुद्दा आणि औषध यांच्या नावांसाठी. विशेषणं सोडून दिली तरी चालतं. पहिली ३० पानं सावकाश गेली तर घाबरू नका. त्यात आठ-दहा पात्रांची ओळख होत असते, तिथे इंग्रजांच्या मुलांचीही गती मंदावते.

४. फुकट आणि रीतसर कुठे मिळतील?

प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि स्टँडर्ड ईबुक्स या संकेतस्थळांवर मोबाइलवर वाचता येतील अशा प्रती आहेत, आणि लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली ध्वनिपुस्तकं. चित्रं नसलेल्या कादंबरीची फाइल साधारण अर्धा एमबी भरते, त्यामुळे खेड्यातल्या कमजोर रेंजवरही उतरते. ‘मोफत’ या शब्दाला भारतात एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो प्रश्न १८ मध्ये.

छापील प्रत हवी असेल तर आधी गावातलं जुनं वाचनालय गाठा. इंग्रजी कपाट बऱ्याच ठिकाणी मागच्या खोलीत असतं आणि वर्षानुवर्षं कुणी मागत नाही. ग्रंथपालांना लेखकाचं नाव मराठीत लिहून द्या. नोंदवही लेखकाच्या आडनावाने लावलेली असते, म्हणून ‘अगाथा’ नव्हे, ‘ख्रिस्ती’ शोधा. ‘होम्स’ शोधून काही हाती लागणार नाही, ‘डॉयल’ शोधावं लागेल.

५. नवं नाव बघून पुस्तक मागवलं, ते आधी वाचलेलंच निघालं. असं का होतं?

इंग्लंड आणि अमेरिकेत एकाच पुस्तकाची दोन नावं असायची. ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ (१९३४) अमेरिकेत ‘मर्डर इन द कॅले कोच’ झालं. ‘लॉर्ड एजवेअर डाइज’ हेच ‘थर्टीन अ‍ॅट डिनर’. ‘डेथ इन द क्लाउड्स’ म्हणजे ‘डेथ इन द एअर’. जॉन डिक्सन कारचं ‘द हॉलो मॅन’ तिकडे ‘द थ्री कॉफिन्स’ आहे. मागवण्याआधी आतल्या पानावरचं पहिल्या प्रकाशनाचं साल आणि पहिल्या प्रकरणातली पात्रांची नावं ताडून बघा.

६. स्वस्त प्रत संक्षिप्त आहे हे कसं ओळखायचं?

प्रकरणं मोजा. ‘अ‍ॅक्रॉइड’ची २७ हवीत, ‘बास्करव्हिल्स’ची १५, ‘स्टाइल्स’ची १३. प्रकरणं पूर्ण आहेत पण नेहमीच्या टायपात अख्खी कादंबरी ११०-१२० पानांत उरकली असेल, तर आतून कापलेली आहे. मुखपृष्ठावर ‘रीटोल्ड’, ‘सिम्प्लिफाइड’ किंवा ‘स्टेज’ आणि पुढे आकडा असेल तर ती भाषा शिकणाऱ्यांची आवृत्ती. वाचायला वाईट नाही, पण खुनी शोधायला निरुपयोगी. संक्षेप करणारा ‘बिनकामाचं’ म्हणून जे गाळतो (माळ्याची बडबड, टेबलावरची कपबशी), पुरावा नेमका तिथेच दडवलेला असतो.

७. खुनी मला कधीच ओळखता येत नाही. काय चुकतं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. वाचकाची बुद्धी कमी पडते असं नाही. पुरावा रोजच्या गोष्टींत लपवलेला असतो आणि त्या गोष्टी आपल्या रोजच्या नाहीत. गाडीला डबे जोडायची पद्धत, जेवणाची वेळ, लग्नानंतर मृत्युपत्राचं काय होतं, हे १९३० च्या इंग्रज वाचकाला न सांगता माहीत होतं. प्रश्न ८ ते १४ ही उणीव भरून काढण्यासाठीच आहेत.

आधी खेळाचे नियम. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने १९२९ मध्ये दहा नियम लिहिले. गुन्हेगार गोष्टीत लवकर दिसला पाहिजे. भूतखेत नको. चोरवाट एकाहून जास्त नको. विज्ञानाला माहीत नसलेलं विष नको. हेराला जे दिसलं ते वाचकालाही दिसलं पाहिजे. जुळा भाऊ आणायचा असेल तर त्याची चाहूल आधी द्यावी. १९३० मध्ये लंडनला ‘डिटेक्शन क्लब’ निघाला. त्याचा पहिला अध्यक्ष चेस्टरटन, आणि सभासद वाचकाशी सचोटीने वागण्याची शपथ घेत. अमेरिकेत एलरी क्वीनच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत शेवटाआधी चक्क आव्हानाचं पान असतं: सगळे पुरावे तुमच्या हातात आले, आता सांगा.

नियम म्हणजे कायदा नव्हे. चांगल्या लेखकांनी ते मोडलेही, पण बहुतेक वेळा वाचकाला न फसवता मोडले.

आता कृती. शंभर पानी वही घ्या, डावं आणि उजवं पान वेगळं ठेवा. डाव्या पानावर पात्रांची नावं आणि मयताशी नातं. उजव्या पानावर तीन रकाने: वेळ, कोण कुठे होतं, आणि *हे कुणी सांगितलं*. खरं काम तिसरा रकाना करतो. बटलर म्हणतो म्हणून साडेनऊ, की लेखकाने स्वतः दाखवलं म्हणून साडेनऊ, यात सगळा खेळ असतो. हेराने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं की पुस्तक मिटा, एक रात्र जाऊ द्या, आणि ज्या नोंदीला एकाच माणसाच्या तोंडचा आधार आहे ती लाल पेनाने खूण करून बघा. पहिल्या पाच पुस्तकांत एक ओळखता आला तरी उत्तम.

नेहमीची चूक म्हणजे सगळ्यात कमी संशयित माणूस निवडून ठेवणं. लेखकांना ही सवय माहीत होती आणि ते त्यावरच डाव टाकत.

८. घराचा नकाशा दिलेला असतो, तो खरंच बघायचा का?

हो, आणि वहीत उतरवून काढायचा. आपल्या वाड्यात ओसरी, माजघर, माडी अशी माणसांची ये-जा एकमेकांच्या नजरेसमोर होते. इंग्रजी हवेलीत नोकरांचा जिना वेगळा, मालकांचा वेगळा, आणि दोघांमध्ये दार. ‘फ्रेंच विंडो’ ही खिडकी नसून बागेत उघडणारं काचेचं दार आहे. हे न कळल्यामुळे ‘खिडकीतून उडी मारली’ असं चित्र डोळ्यांपुढे येतं आणि पुढचं सगळं चुकतं. ‘स्टडी’ मालकाची लिहिण्याची खोली, ‘पॅन्ट्री’ बटलरची भांडी ठेवायची.

इंग्रजी पुस्तकातला ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे आपला पहिला मजला. अमेरिकी पुस्तकात तोच शब्द तळमजल्याला आहे. तारखांचंही तसंच: ५/६ म्हणजे इंग्लंडात ५ जून, अमेरिकेत ६ मे.

९. शिलिंग, पेन्स, गिनी यांचा हिशेब कसा लावायचा?

घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा, आणे-पै ज्यांनी मोजले त्यांना हे जड जात नाही. १ पौंड = २० शिलिंग, १ शिलिंग = १२ पेन्स. गिनी २१ शिलिंगांची, हाफ क्राउन अडीच शिलिंगांचा. आपल्याकडे १९५७ पर्यंत रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. इंग्लंडने ही जुनी मोजणी १९७१ मध्ये सोडली.

१९२७ च्या कायद्याने रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स ठरला. म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. त्या काळात नवी कादंबरी ७ शिलिंग ६ पेन्सला मिळे (छापताना ७/६), म्हणजे बरोबर ५ रुपये. १९३५ मध्ये पेंग्विनने ६ पेन्सांची पुस्तकं काढली. पहिल्या दहांत ख्रिस्ती आणि सेयर्स यांची एकेक खूनकथा होती. पाच रुपयांची चीज पाच आणे चार पैला मिळू लागली, तेव्हा ही पुस्तकं घरोघर गेली यात नवल नाही.

१०. रेल्वेच्या वेळापत्रकावरची रहस्यं डोक्यावरून जातात.

भुसावळच्या वाचकांकडून हा प्रश्न येऊ नये, पण तिथूनच जास्त येतो. अडतं ते चार ठिकाणी.

पहिलं, डबे. बऱ्याच इंग्रजी गाड्यांत आतून वाट नसे. प्रत्येक कप्प्याला फलाटाकडे स्वतःचं दार, शेजारच्या कप्प्यात जायची सोय नाही. मुंबईची लोकल डोळ्यांपुढे आणा, एका डब्यातून दुसऱ्यात जायला स्टेशनच लागतं. ‘कॉरिडॉर’ डबा असेल तर लेखक तसं सांगतो, आणि तो शब्द आला की वहीत टिपायचा.

दुसरं, तिकीट. प्रवास संपल्यावर ते फाटकावर जमा करून घेत. म्हणून ‘तिकीट जमा झालं’ हा माणूस तिथे उतरल्याचा पुरावा धरला जातो. माणूस आणि तिकीट एकत्रच गेले का, हा विचारायचा प्रश्न.

तिसरं, जंक्शन. इटारसीकडचा आणि नागपूरकडचा फाटा भुसावळला फुटतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला ‘मागून निघून आधी पोहोचणं’ कळतं: सावकाश पॅसेंजर सोडायची, दुसऱ्या मार्गाची जलद गाडी धरायची. कागदावर दोन्ही मार्ग रेघांनी काढा, स्टेशनाखाली वेळा लिहा, दहा मिनिटांत गाठ सुटते.

चौथं, रविवार. त्या दिवशी गाड्या कमी असत.

‘ब्रॅडशॉ’ म्हणजे १८३९ पासून १९६१ पर्यंत निघत असलेलं वेळापत्रकाचं पुस्तक. कथेतली वेळ आजच्या अ‍ॅपवर ताडू नका. अशा कथांसाठी फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स घ्या. तो स्वतः रेल्वेत इंजिनिअर होता, त्याचं पहिलं पुस्तक ‘द कास्क’ (१९२०). सेयर्सचं ‘फाइव्ह रेड हेरिंग्ज’ (१९३१) त्याहून कठीण आहे. त्यात हेर काय शोधायला सांगतो ते लेखिकेने मुद्दाम छापलेलं नाही, हुशार वाचक ओळखेल म्हणून. तुमच्या प्रतीत पान गळालेलं नाही.

११. ‘डिनरनंतर’ म्हणजे किती वाजता? आणि रात्री नऊला बागेत उजेड कसा?

हवेलीतलं डिनर रात्री आठच्या सुमारास, कपडे बदलून. माळी, मोलकरीण, शेतमजूर यांचं ‘डिनर’ दुपारी. माळ्याने ‘डिनरनंतर पाहिलं’ म्हटलं आणि तुम्ही रात्र धरली, तर आठ तासांचा घोळ झाला.

उजेडाचं म्हणाल तर जळगावला सूर्य वर्षभरात पावणेसहा ते सव्वासातच्या दरम्यान मावळतो. लंडनला जूनअखेर ९ वाजून २० मिनिटांच्या सुमारास आणि डिसेंबरात चारच्याही आत. जूनची ही वेळ उन्हाळी घड्याळाची आहे: १९१६ पासून उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात. साक्षीदाराने चेहरा पाहिला की नाही हे ठरवताना महिना आधी बघा.

१२. मृत्युपत्र करून ठेवलं होतं, मग लग्नाने काय फरक पडतो?

इंग्लंडात १८३७ च्या कायद्याने लग्न होताच आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. भारतीय वारसा कायद्यातही असं कलम आहे, पण ते हिंदूंना लागू नाही, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक वाचकांना ते सुचत नाही. गुपचूप लग्नाचा दाखला सापडला की कुणाचा फायदा बुडाला हे लगेच मोजा. दुसरं, तिथे मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्याच मृत्युपत्रातून काही मिळत नाही. कागदावर मोलकरीण आणि माळ्याची सही असेल, तर त्या दोघांना वारशाची आशा नव्हती असं धरा.

१३. कॉरोनर आणि इन्क्वेस्ट म्हणजे खटला का?

नाही. इन्क्वेस्ट म्हणजे मृत्यू कशाने झाला एवढंच ठरवणारी चौकशी, आणि ती चालवणारा अधिकारी तो कॉरोनर. आपल्या जिल्ह्यांत संशयास्पद मृत्यूचा मरणोत्तर पंचनामा पोलीस करतात. कॉरोनर असे तो मुंबई शहरात, आणि तिथेही ते पद १९९९ मध्ये संपलं. इंग्लंडात मात्र कॉरोनरसमोरचे ज्युरी त्या काळी थेट नाव घेऊन ‘यानेच खून केला’ असा निर्णय देऊ शकत. पुस्तकाच्या मध्यावर असा निर्णय आला तरी खरा खटला पुढे असतो.

१४. विष इतकं सहज कसं मिळतं? आणि डॉक्टर मृत्यूची वेळ इतकी अचूक कशी सांगतो?

शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध असतं, तसंच तिथे माळ्याच्या खोलीत तणनाशक आणि स्वयंपाकघरात माशा मारायचा कागद असे. दोन्हींत सोमल, म्हणजे आर्सेनिक. स्ट्रिक्निन हे कुचल्याच्या बियांतलं विष. दुकानदाराला विक्रीची नोंद विषाच्या वहीत करून गिऱ्हाइकाची सही घ्यावी लागे, म्हणून ‘वहीवर सही कुणाची’ हा प्रश्न सारखा येतो. औषधं ‘ग्रेन’मध्ये मोजलेली असतात, १ ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात दवाखान्याच्या औषधविभागात काम केलं होतं, तिच्या विषांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मृत्यूच्या वेळेवर मात्र इतका विश्वास नको. शरीर थंड होण्याचा आणि ताठरण्याचा अंदाज गार खोलीवर बेतलेला असतो. जळगावच्या मे महिन्यात हवा ४५ अंशांवर असताना प्रेत थंड होणारच नाही, आणि ताठरता लवकर येऊन लवकर उतरेल. थंड इंग्लंडातही तो अंदाज तासांचाच असतो, मिनिटांचा नाही. पुस्तकातला डॉक्टर फार ठामपणे वेळ सांगू लागला, किंवा शेकोटी आणि उघडी खिडकी यांचा उल्लेख आला, की थांबून विचार करा.

बोटांचे ठसे त्या काळी नवे नव्हते. कलकत्त्याला ठशांचं कार्यालय १८९७ मध्ये निघालं, स्कॉटलंड यार्डात १९०१ मध्ये. म्हणून १९२० नंतरचा खुनी हातमोजे घालतोच. डीएनए नाही, कॅमेरे नाहीत. रक्त माणसाचं की जनावराचं हे मात्र सांगता येत होतं.

१५. काळ्या-गोऱ्यांविषयी आणि भारतीयांविषयी टोचणारं लिहिलेलं असतं. तरी वाचावं का?

टोचतं, आणि टोचायलाच हवं. ज्यूंविषयी, चिन्यांविषयी, ‘नेटिव्हां’विषयी सहज टाकलेली वाक्यं या पुस्तकांत जागोजागी आहेत. ख्रिस्तीच्या १९३९ च्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीचं मूळ इंग्लंडातलं नावच अपमानकारक होतं, म्हणून ते आज ‘अँड देन देअर वेअर नन’ नावाने छापतात. काही नव्या आवृत्त्यांत आतले शब्दही बदलले आहेत. जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून वाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शाळकरी मुलांच्या हाती देताना नवी आवृत्ती द्या आणि एकदा बोलून घ्या. एक उपयोग सांगण्यासारखा: हिंदुस्थानातून परतलेला कर्नल किंवा ‘परदेशी’ माणूस यावर सगळ्यांचा संशय असतो, आणि लेखक कधी त्या पूर्वग्रहाच्या आडोशाला खरा माणूस लपवतो.

१६. शेवट आधीच कळला. आता वाचण्यात अर्थ आहे का?

आहे. खुनी माहीत असताना त्याचं प्रत्येक वाक्य पुन्हा वाचा. चांगल्या पुस्तकात ते खोटं नसतं, फक्त आपण वेगळं ऐकलेलं असतं. पुढच्या वेळी वाचायचं तर प्रस्तावना शेवटी वाचा, मागचं मुखपृष्ठ झाका, आणि नावाने इंटरनेटवर शोधू नका.

१७. पुस्तकं इथल्या हवेत टिकत नाहीत. काय करावं?

पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, उन्हाळ्यात पाठीचा डिंक कडक होऊन पानं सुटतात. कूलरच्या वाऱ्यात तर मुळीच नको: ओल्या वाऱ्याने पानांना लाटा येतात, मग बुरशी. कपाट भिंतीपासून तीन-चार बोटं दूर, खाली विटा. पावसाळ्याआधी आणि नंतर पुस्तकं सावलीत उघडून ठेवा. वाळवीसाठी कपाटाचे पाय बघत राहा, कसरीसाठी कडुनिंबाचा वाळलेला पाला, दर दोन-तीन महिन्यांनी ताजा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. पातळ कागद आणि मैद्याची खळ बरी.

१८. गुटेनबर्गवर मोफत आहे, म्हणजे भारतातही मोफतच ना? आम्हाला अहिराणीत एकांकिका करायची आहे.

इथे बरेच जण फसतात. अमेरिकेत या काळातल्या पुस्तकांचा हक्क प्रसिद्धीपासून ९५ वर्षांनी संपतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. ख्रिस्ती १९७६ मध्ये गेली, म्हणून तिची १९२० ची कादंबरी अमेरिकेत मोकळी झाली तरी भारतात तिचं हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०३७ ला मोकळं होईल. सेयर्स आणि क्रॉफ्ट्स दोघेही १९५७ मध्ये गेले, त्यांची हयातीत छापलेली पुस्तकं इथे २०१८ पासून खुली आहेत, जरी त्यांतली नंतरची काही अमेरिकेत अजून बांधलेली असली. डॉयल (मृत्यू १९३०), चेस्टरटन (१९३६) आणि थॉर्नडाइकचा लेखक ऑस्टिन फ्रीमन (१९४३) खुले. दोघांनी मिळून लिहिलं असेल तर नंतर गेलेल्याचं साल धरतात. एलरी क्वीन या नावामागचे दोघे (सख्खे नव्हेत, नात्यातले) भाऊ १९७१ आणि १९८२ मध्ये गेले, म्हणजे २०४३.

एकांकिकेसाठी खुला लेखक घ्या, आणि मूळ इंग्रजीवरून रूपांतर करा. तयार मराठी अनुवादावरून केलंत तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो आणि तो अजून चालू असू शकतो. ख्रिस्तीच हवी असेल तर रूपांतरासाठी लेखी परवानगी लागेल. हौशी मंडळींनी तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे, पण ती प्रयोगाला आहे, भाषांतराला नाही. गॅदरिंगला नाटक बसवणाऱ्यांनी तालमीआधी हे बघावं. अहिराणीसाठी फादर ब्राउनच्या कथा सोयीच्या पडतात: पात्रं थोडी, जागा एक, आणि गावातल्या देवळाच्या आवारात त्या सहज बसतात.